संग्रहाचा अन्नदाता

घरातील ज्या वस्तूकडे आपले सहसा लक्ष जात नाही, नेमकी तीच वस्तू पुष्कळदा साऱ्या घराचा भार वाहत असते, असा अनुभव वाचकांपैकी अनेकांना आला असेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी अशाच एका उपेक्षित वस्तूने आपले महत्त्व आम्हांस पटवून दिले. तिची हकीकत सांगण्याजोगी वाटते. कारण कुटुंबातील छायाचित्रे, पत्रे, इतकेच नव्हे तर माणसांचे आवाजही आता बहुतेक घरांतून यंत्रांतच जतन केले जातात.

आमचे बिऱ्हाड पुष्कळ वर्षांपासून बेंगळुरूस आहे. २०१३ साली आम्ही घरातच एक सर्व्हर उभा केला. नाव भारदस्त असले तरी तो एक साधा संगणकच. त्याला पडदा नाही आणि त्याच्या पोटात चार हार्ड डिस्क आहेत, एवढाच काय तो फरक. वडिलांची पत्रे, मुलांच्या लहानपणाची छायाचित्रे, आत्याबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, हे सारे त्यात आहे. ओव्यांची मूळ कॅसेट बुरशी लागून केव्हाच निकामी झाली. या संग्रहाची एक प्रत थोरल्या बहिणीकडे इंदूरला असते आणि दर दिवाळीला तीत नवी भर घालण्याचा आमचा परिपाठ आहे. गेल्या दिवाळीनंतर पडलेली भर मात्र फार मोलाची होती. आईने हिवाळ्यातील दुपारी थोडेथोडे करून आपल्या माहेरच्या चार पिढ्यांची माहिती सांगितली आणि सुनेने ती ध्वनिमुद्रित केली. आई आता ८६ वर्षांची आहे. एकदा सांगितलेले ती पुन्हा तसेच सांगू शकेल, याची शाश्वती कोणी द्यावी?

चैत्र सरता सरता यंत्राची प्रकृती बिघडू लागली. वीज जाऊन परत आली की, ते सुरू करण्यासाठी दोन-तीन वेळा कळ दाबावी लागे. पुढे चारपैकी एखादी डिस्क अकस्मात दिसेनाशी होई व काही वेळाने आपोआप परत येई. घरात दोन मते पडली. डिस्क जुन्या झाल्या, त्या बदलाव्यात, असे मुलाचे म्हणणे. तर यंत्रच मोडीत काढून सारा संग्रह भाड्याने एखाद्या कंपनीच्या साठ्यात ठेवावा, असे सुनेचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. तथापि निर्णय घेण्यापूर्वी, यंत्र चालू आहे तोवरच, दिवाळीनंतरची सारी भर एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. वाचकहो, अशा प्रसंगी पहिले काम हेच. बंद केलेले आजारी यंत्र पुन्हा सुरू होईलच असे नाही.

मग निदानाकडे वळलो. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवीत असते. ती उघडून पाहिली, तेव्हा चारही डिस्कवर नादुरुस्त जागा एकही नव्हती. मात्र अवचित वीज तुटल्याची संख्या चौघींचीही वाढत चालली होती. दुखणे डिस्कचे असते, तर ते एकीचे असते. चौघी एकाच वेळी अशक्त होतात, तेव्हा त्यांना अन्न कोठून मिळते ते पाहावयास हवे. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला ढ ठरविण्यापूर्वी तो सकाळी काही खाऊन आला आहे काय, हे विचारावे, तसेच हे आहे.

या यंत्राचा अन्नदाता म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात, ती पत्र्याची पेटी. घरातील २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकाच दिशेची वीज पुरविते. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, तिचा मेंदू ५ व्होल्टवर चालतो. फिरू लागण्याच्या क्षणी एक डिस्क सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की, जवळजवळ १०० वॉटची मागणी होते. पुढे त्यांचे थोडक्यात भागते. म्हणूनच दुबळेपणा आरंभीच उघड होतो. मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा त्या क्षणी १२ व्होल्टची वीज ११.१ पर्यंत उतरत होती. नियमाने ती ११.४ च्या खाली जाऊ नये.

असे का व्हावे? या पेटीत वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह सारखा राखणारे कपॅसिटर असतात. त्यांतील द्रव वर्षानुवर्षे उष्णतेने आटत जातो. ढोबळ हिशेब असा की, उष्णता १० अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते. धूळ बसून पंखा मंदावला की, हा ऱ्हास अधिकच वेगाने होतो.

पेटी घरी उघडून दुरुस्त करण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये. वीज काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरात ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ शिल्लक राहू शकतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. पेटी बदलावी, हेच शहाणपणाचे. आम्ही एस. पी. रोडवरील बाजारातून ४५० वॉटची नवी पेटी आणली. येथे एक सूचना अगत्याची आहे. काही पेट्यांच्या वायरी सुट्या करता येतात. पण जुन्या पेटीच्या वायरी नव्या पेटीस जोडू नयेत. पेटीच्या बाजूची त्यांची जोडणी निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी असते, आणि खटका बसला तरी चुकीची वीज जाऊन साऱ्या डिस्क एका क्षणात जळू शकतात.

बाकीचे काम अर्ध्या तासाचे. प्लग काढला, जोडण्यांचे छायाचित्र घेतले, चार स्क्रू सोडविले, जुनी पेटी काढून नवी बसविली. यंत्र पहिल्याच कळीस सुरू झाले. तेवढ्यावर समाधान न मानता रात्रभर संग्रहातील प्रत्येक तुकड्याची पडताळणी करविली. सकाळी चुकांची संख्या शून्य होती. जुनी पेटी भंगारात न टाकता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलन केंद्रात दिली.

वाचकहो, एकाच यंत्रात दोन वा चार डिस्कवर तोच मजकूर असला म्हणजे तो सुरक्षित झाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु त्या साऱ्या एकाच पेटीतून जेवतात, आणि ती पेटी बिघडली तर त्यांच्यावर एकदमच संकट येते. यासाठी एक प्रत निराळ्या घरी, शक्य तर निराळ्या गावी असावी. आपल्या घरातील यंत्र आठ-दहा वर्षांचे झाले असेल, तर येत्या सुटीत त्याची धूळ झाडावी आणि त्याच्या विजेच्या पेटीचे वय किती झाले, तेवढे एकदा पाहून ठेवावे. आईच्या माहेरची हकीकत मधल्या काळात इंदूरला पोहोचली. आणि ती ऐकून बहिणीने कळविले की, आईच्या सांगण्यात एका मावशीचे नाव राहून गेले आहे. ते आता आम्ही विचारून घेणार आहोत.