चिखलदऱ्याला कॅसिनो नको

चिखलदऱ्याला कॅसिनो व्हावा, असं मी बरीच वर्षं चारचौघांत ठासून सांगत आलो. विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण. पावसाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि एरवी हॉटेलवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात. राज्याने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केलेला, पण तो लागू कधी झालाच नाही. अमरावती-अकोल्याची पोरं पणजीला जाऊन मांडवीतल्या बोटींवर पैसे उधळतात, तो पैसा मेळघाटात राहिला तर काय बिघडलं, असं माझं म्हणणं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने तो कायदाच रद्द करायचं ठरवलं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

माझं मत फिरलं ते अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीबद्दल वाचून. पडत्या काळातल्या या समुद्रकाठच्या शहरात १९७८ साली पहिला कॅसिनो उघडला. तेव्हा नेवाडा सोडलं तर देशात कुठेच कॅसिनोला परवानगी नव्हती. २००६ साली तिथल्या कॅसिनोंनी पाच अब्ज डॉलरच्या वर कमाई केली. त्याच सुमारास शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने आपल्याकडे जुगारघरं सुरू केली, मग इतर राज्यांनीही. २०१४ पर्यंत कमाई जवळपास निम्म्यावर आली आणि त्या एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले. हजारो लोक घरी बसले. समुद्र तोच होता, शहर तेच होतं, फक्त शेजारची बंदी उठली होती.

गोव्याचा धंदाही आपल्याकडच्या बंदीवरच उभा आहे. उद्या चिखलदऱ्याला परवानगी मिळाली, तर नागपूर गप्प बसेल? पचमढीसाठी मध्य प्रदेश मागणी करणार नाही? आणि मग बाहेरचं गिऱ्हाईक आपापल्या गावीच थांबलं, तर आमच्या टेबलावर कोण बसेल?

याचं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच धास्ती वाटते. बसतील ती अकोट, दर्यापूर, अंजनगावची माणसं. जुगार वऱ्हाडाला नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत सट्टा लागायचा. साठच्या दशकात त्यातूनच मटका निघाला आणि आमच्या गावागावांत पोचला. माझा एक अडत्या मित्र म्हणतो, "कास्तकाराच्या हातात चुकारा पडला का पट्टीवाल्याचा सीझन चालू होते, भाऊ." कापूस विकून आलेल्या त्या पैशातून कृषी केंद्राची उधारी फेडायची असते, सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, पोरीचं लग्न उरकायचं असतं. आज निदान मटक्याची पट्टी लपूनछपून लावावी लागते. कॅसिनोच्या दारावर सरकारचा परवाना टांगलेला असेल.

चिखलदऱ्याला पैसा हवा, हे मी आजही म्हणतो. तिथल्या कॉफीला बाजार मिळावा, परतवाड्याहून वर चढणारा घाट नीट व्हावा, यासाठी कुणाशीही भांडायला तयार आहे. पण अकोटच्या कास्तकाराचा चुकारा कापून येणारा कर मला त्या घाटासाठीही नको.