काचेच्या घुमटाखाली

भंडाऱ्याच्या कारकुनाला अमेरिका पाहण्याचा योग सहसा येत नाही. धाकटा भाऊ मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरी नोकरीला आहे, म्हणून तो आला. जानेवारीचे दिवस, बाहेर बर्फ. भाऊ म्हणाला, "दादा, चला, तुम्हाला श्रावण दाखवतो." आणि तो आम्हाला तेथील वनस्पती उद्यानात घेऊन गेला.

तेथे 'क्लायमॅट्रॉन' नावाचे काचघर आहे. बकमिन्स्टर फुलर यांच्या तत्त्वावर उभारलेला हा घुमट १९६० साली खुला झाला. उंची ७० फूट, रुंदी १७५ फूट, खाली अर्ध्या एकराहून अधिक जागा. पण आत एकही खांब नाही! दार उघडताच माझ्या चष्म्यावर वाफ धरली. समोर केळी, कॉफी, कोकोची झाडे.

मग छत तोलते कोण? चार काड्यांची चौकट खिळे ठोकूनही कलते, तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. आपल्या कवेलूच्या घराला कैची लावतात ती याचसाठी. येथे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची तशीच जाळी आहे. कोणा एकीवर भार राहत नाही, तो सगळ्यांत वाटला जातो. पूर्वी तीत प्लास्टिकचे तक्ते होते. १९८८ ते १९९० च्या दुरुस्तीत काच बसली.

मी हरखून गेलो होतो. तेव्हा भावाने बागेचा जुना इतिहास सांगितला. हेन्री शॉ या धनिक व्यापाऱ्याने १८५९ साली ही बाग लोकांना खुली केली. त्याच्या पदरी गुलाम होते. मे १८५५ मध्ये त्यांतील एस्थर ही बाई दोन लेकरांना घेऊन रात्री मिसिसिपी नदी ओलांडून निघाली. पलीकडच्या इलिनॉय राज्यात गुलामगिरी नव्हती. मेरी मीचम या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईने त्या जथ्याला मदत केली. परंतु एस्थर पकडली गेली. शॉने तिला विकून टाकले. मायलेकरांची ताटातूट झाली.

मला आपली वैनगंगा आठवली. पुरात लेकरू छातीशी धरून डोंग्यात बसलेल्या बाया आपण पाहिल्या आहेत. एस्थरला तर पैलतीरी माणूस म्हणून जगायचे होते.

बंधू-भगिनींनो, बाग सुंदर आहे. तिकडे कुणाचे जाणे झाले तर मुलांना घुमट अवश्य दाखवा, त्रिकोणाची युक्ती समजावून सांगा. मात्र शॉचे नाव घ्याल तेव्हा एस्थरचेही घ्या.