जट

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात, तिथे एका कुत्र्याची समाधी आहे. कुत्र्याचे नाव खंड्या. धनी छत्रपती शाहू महाराज. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्याने महाराजांचा जीव वाचवला आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. त्या दगडी खंड्यापुढे उभा राहिलो की माझ्या मनात एक अगदीच गैरलागू प्रश्न येतो. या मानकऱ्याचे कान कोण साफ करीत असेल?

प्रश्नाला कारण आमचा झिपऱ्या. त्याला ना पालखी, ना पराक्रम. "मामा, चार दिवस सांभाळा," म्हणून सांगलीच्या भाचीने तो आणून सोडला, त्याला आता तीन वर्षे झाली. अंगभर लांब रेशमी केस आणि लोंबते कान. येणारेजाणारे कौतुक करतात. कौतुकाला कंगवा लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझे गुडघे धरले आणि त्याची विंचरणी राहून गेली. श्रावण सरता सरता तो सारखी मान झटकू लागला, पायाने कान खाजवू लागला. जवळ नाक नेले तर आंबूस वास. कानामागे बोट घातले, तो घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट गाठ! गळलेला केस उभ्या केसांत अडकतो, त्यात ओल मुरते, घासले जाते, आणि जट तयार होते.

मी आधी त्याला न्हाऊ घातले. भिजलेली जट सुकताना अधिकच आवळते, हे मला कुठले ठाऊक! मग कात्री घेतली. जटेत कानाची पाळी कुठे गुंतली आहे ते दिसत नाही. झिपऱ्या किंचाळला तेव्हा माझ्या बोटांना रक्त लागले होते.

गुरांच्या डॉक्टरांनी आधी कात्री काढून घेतली. मग म्हणाले, "कातडीजवळ केस दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. टोकाकडून एकेक पदर बोटांनी सोडवा, कंगवा नंतर. आणि कानात काडी घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग आत वळते; काडीने मळ खोल जातो. थेंब टाका, कानाच्या मुळाशी चोळा, त्याला मान झटकू द्या. वर येईल तेवढेच कापसाने टिपा."

तीन संध्याकाळी मी ओसरीवर बसून ती जट सोडवली. हात जटेत होते आणि मन सांगलीला, आत्याच्या घरी.

आत्याच्याही कानामागे जट होती. लांबलेल्या तापात महिनाभर केसांना फणी लागली नाही, गुंता झाला. पण त्याला गुंता म्हणायची सोय नव्हती. देवीने धरले, असे ठरले. मंगळवारी-शुक्रवारी त्या जटेला हळदकुंकू वाहिले जाई. ओझ्याने आत्याची मान एका बाजूला कलली होती. लहानपणी मी एकदा विचारले, "आत्या, दुखतं का गं?" तिने माजघराच्या दाराकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "निजताना रुततं रे बाळा." लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला.

पुढे १९८९ साली साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांची समजूत घालून, भीती घालवून, त्यांच्या जटा उतरवल्या. आत्या त्याआधीच गेली होती, जटेसकट.

तिसऱ्या संध्याकाळी शेवटचा पदर सुटला. खाली रुपयाएवढी कातडी लालभडक, ओलसर झालेली. हे घेऊन हा बिचारा इतके दिवस दारात माझ्यापुढे शेपूट हलवीत होता! मी मलम लावले. झिपऱ्याने तो कान माझ्या तळहातावर टेकवला आणि डोळे मिटले.

आत्याच्या जटेखाली काय होते, ते आम्ही कुणी कधी पाहिले नाही.