सड्यावर काय आहे?

पेडण्यात राहणाऱ्याला पाहुण्यांची वानवा कधी भासत नाही. नोव्हेंबर लागला की फोन सुरू होतात. बहुतेकांचं गणित ठरलेलं असतं: एक दिवस हरमल, एक दिवस मोरजी, जाताना काजूगर आणि कोकमचं आगळ. त्यात वाईट काही नाही. समुद्र आमचा आहेच, आणि तो दाखवायला फारसे कष्टही पडत नाहीत. पण गेल्या फाल्गुनात आले ते पाहुणे वेगळे होते. आमच्या ह्यांचे पुण्याचे कॉलेजातले मित्र, दोन जोडपी, चौघंही साठी ओलांडलेली. सिंहगड ही त्यांची रविवारची देवपूजा आणि राजगड-तोरणा म्हणजे सणवार. त्यातले एक भाऊजी भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "वहिनी, तुमच्या तालुक्यात चढण्यासारखं काय आहे?"

"सडा," मी म्हटलं.

"आणि सड्यावर काय आहे?"

"काही नाही. तेच दाखवते."

देशावरच्या वाचकांसाठी सांगते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. पावसात तो हिरवागार, श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरलेला, दिवाळीनंतर सोनेरी आणि फाल्गुनात करपलेला, काळपट. मार्चमध्ये पाहिला तर कोणीही म्हणेल, ही पडीक जमीन. पण जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसाचं पाणी तो पितो, ते हळूहळू खाली झिरपतं, चिकणमातीच्या थराला अडतं आणि सड्याच्या कडेला झर होऊन बाहेर पडतं. पेडणे काय, डिचोली काय, आमची बहुतेक गावं सड्यावर नाहीत, सड्याच्या पायथ्याशी आहेत, ती या झरींमुळे. पावसाळ्यातल्या पिकाला आम्ही सरद म्हणतो. नंतर झरींच्या पाण्यावर जे पिकतं ते वायंगण. फाल्गुनात कुठल्या गावात वायंगणाचा हिरवा तुकडा दिसतो आणि कुठल्या गावात दिसत नाही, एवढं बघितलं की त्या गावाचा डोंगर जिवंत आहे की नाही ते कळतं. पाहुण्यांना मी मुद्दाम याच दिवसांत बोलावलं.

दोघं रेल्वेनं पेडणे स्टेशनवर उतरली, दोघं विमानानं मोप्याला. पहिल्या दिवशी मात्र मी त्यांना समुद्राकडेच नेलं, पाय मोकळे व्हायला. केरीला फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, सावंतवाडीकरांनी बांधलेला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला. आत छोटं चर्च आहे, आणि बाकीच्या भागात हॉटेल थाटलेलं. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. तटावरून खाली पाहिलं की नदीचं मुख, वाळूची जीभ आणि केरीची सुरूची रांग एका नजरेत येते. परत येऊन केरी ते हरमल चालत गेलो, किनाऱ्यानं नव्हे, डोंगरावरून. वर गवत वाळलेलं, करवंदीला पांढरी फुलं, मधेच पिटकोळीचे लाल गुच्छ. उताराला एक मोठी सावर फुललेली होती. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि सगळी पाखरं तिथे जमलेली. खाली उतरलात की हरमलचं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी मात्र गोडं. भाऊजींनी ओंजळीत घेऊन चाखलं, मग मागे वळून आत्ताच उतरलेल्या डोंगराकडे पाहिलं. शिकवायची गरज उरली नाही.

दुसरा दिवस मोप्याचा. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं आणि जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. दोन हजार एकरांहून जास्त सडा त्याखाली गेला. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं तो परवाना स्थगित केला, कारण अहवालात झाडं, जंगल, पाणी यांची नीट माहितीच दिलेली नव्हती. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून वाट मोकळी झाली. मी विमानतळाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली नाही. माझी भाची बंगळूरहून दीड तासात घरी येते, आणि गावातली चार मुलं तिथे कामाला आहेत. पण काल ज्यावर विमान उतरलं तो रिकामा माळ नव्हता, एवढं पाहुण्यांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

म्हणून वर न जाता पायथ्याच्या एका वाड्यावर गेलो. झर माझ्या माहितीची. फणसाच्या मुळाशी चिऱ्यांनी बांधलेली चौकोनी कुंडी, तिच्यातून पाट काढलेला आणि पाटाच्या खाली वायंगण: मिरची, तांबडी भाजी, अळसांद्यांचे वेल. एक म्हातारी अळसांदे खुडत होती. अळसांदे म्हणजे चवळीची आमची थोरली बहीण. दाणा टपोरा, नारळाच्या रसात शिजवला की त्याला दुसरी उपमा नाही. मी विचारलं, पाणी कसं आहे यंदा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "उदक आसा, पूण पयलीसारकें ना." पूर्वी पाट शिमगा उलटून गेला तरी पूर्ण वाहायचा, आता अर्धाच वाहतो असं तिचं म्हणणं. भाऊजी शास्त्राचे. ते म्हणाले, एका झरीवरून निकाल देता येत नाही, पाऊस कमी-जास्त होतो, बोअरवेली वाढल्यात, दहा वर्षं मोजमाप ठेवायला हवं. बरोबर आहे. पण मोजमाप कोणी ठेवत नाही, आणि ती म्हातारी सत्तर वर्षं त्या कुंडीतून घागर भरते आहे. मला तिचा शब्द पुरतो. तिनं निघताना दोन मुठी अळसांदे आमच्या पिशवीत टाकले, पैसे घेतले नाहीत.

उतारावर काजूचा वास सुटलेला. फाल्गुनात आमच्या तालुक्यात डोळे मिटून चाललात तरी कळतं की काजूच्या बागा आल्या. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलीच गोळा करतात. बी पिळून वेगळी, आणि बोंडं कोलंबीत म्हणजे दगडी कुंडात तुडवायची. तुडवून उरलेल्या चोथ्यातून शेवटी जो रस गळतो तो नीरो. तो तिथेच, गडूभर, गार करून. एका ताईंनी नाक मुरडत घोट घेतला आणि गडू रिकामा करूनच खाली ठेवला. भट्टीवरचं पहिलं उतरण म्हणजे हुर्राक. पुरुष मंडळींनी तेही 'अभ्यासासाठी' चाखलं. पुन्हा गाळलं की फेणी, पण तिच्या अभ्यासाला आम्ही थांबलो नाही.

तिथून पत्रादेवी जवळ. हे माझ्या यादीत होतं, पण दुसऱ्या ताईंना त्याचं काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील १९५५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून निघालेल्या सत्याग्रहींत होते. बांद्यापर्यंत वाहनानं, पुढे चिखलातून पायी. १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र लोकांवर गोळ्या चालल्या. इथे पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग पडले. ताईंचे वडील परत आले, पण त्या दिवसाबद्दल घरी फार बोलले नाहीत. एवढंच सांगायचे की पावसात सड्यावर लपायला एक झाड नव्हतं. ताई हुतात्मा स्मारकापाशी दहा मिनिटं उभ्या राहिल्या, मग रस्ता सोडून माळावर थोडं आत चालत गेल्या. आम्ही कोणी बरोबर गेलो नाही. परत आल्या तेव्हा साडीला कुसळं लागलेली होती. गाडीत त्यांनी ती एकेक काढली आणि रुमालात बांधून ठेवली.

रात्री घरी उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांचं तोंडाक, सोलकढी. लांबून शिमग्याच्या ढोलताशांची तालीम ऐकू येत होती.

तिसरा दिवस डिचोलीचा, आणि इथे आमच्यात थोडी वादावादी झाली. ह्यांचं मत, पाहुण्यांना नार्वे दाखवावं, हरवळे दाखवावं, मये तळं दाखवावं आणि खाणींच्या रस्त्यानं नेऊ नये. घरी आलेल्याला आपण अडगळीची खोली दाखवतो का? माझं मत, चालणाऱ्या माणसाला अडगळीची खोली दाखवली नाही तर घर दाखवलंच नाही. माझं ऐकलं गेलं.

आधी हरवळे. पुण्याच्या लोकांना लेण्यांचं काय कौतुक, दारात कार्ले-भाजे असताना! पण ही लेणी जांभ्यात कोरलेली आहेत, सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. भाऊजींनी भिंतीवर तळहात ठेवला. "बेसॉल्ट कोरला की धार राहते. हा दगड कोरणाऱ्याला नक्षीचा मोहच आवरावा लागला असणार." खरंच तिथे नक्षी जवळजवळ नाही. ओळीनं खोल्या, त्यात शिवलिंगं आणि गारवा. शेजारी रुद्रेश्वर आणि हरवळ्याचा धबधबा, फाल्गुनात बारीक झालेला, तरी वाहता.

मग खाणी. शिरगावच्या बाजूला रस्त्यावरून दिसतात ते मातीचे लालभडक डोंगर खरे डोंगर नाहीत. खनिज काढून टाकलेली माती आहे ती. खरा डोंगर होता तिथे आता खड्डा आहे आणि त्यात हिरवं-निळं पाणी. दिसायला इतकं सुंदर की पहिल्या ताईंनी पटकन मोबाईल काढला. ते पाणी म्हणजे काय, हे भाऊजींनीच सांगितलं. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी खड्ड्याकडे धावतं, खाणकाम चालू ठेवायला ते उपसून टाकावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी, झरी कोरड्या पडतात. शिरगावकरांची ही तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं, मग काही काळ ते चाललं, २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द झाले, आणि लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीत पुन्हा सुरू झालं. खाणी थांबल्या तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका घरी तीन ट्रक दारात गंजत उभे होते. मुलाचं कॉलेज सुटलं, बायकोच्या बांगड्या गेल्या. त्या घरात जाऊन झरींची गोष्ट सांगायची माझी छाती होत नाही. आणि त्याच घरातल्या सासूबाई टँकरच्या पाण्यासाठी कळशा लावून बसायच्या, हेही मी पाहिलं आहे.

शिरगावला लईराई. लोकांच्या श्रद्धेप्रमाणे सात बहिणींपैकी एक. दुसरी केळबाय मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई आमच्या पेडण्यात मोरजीला, आणि एक तर म्हापशाची मिलाग्रीस सायबीण होऊन चर्चमध्ये बसलेली. पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडली. मी त्यांना म्हटलं, नकाशावर या बहिणींच्या जागा जोडा. समुद्रकाठापासून खाणीच्या कडेपर्यंत रेघ जाते, तीच तुमची तीन दिवसांची वाट.

शेवटी नार्वे. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव, मूळचा नदीपलीकडे दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ मोडलं तेव्हा लिंग अलीकडे आणलं. १३ नोव्हेंबर १६६८ रोजी शिवाजी महाराजांनी इथे देवळाच्या बांधकामाला प्रारंभ केला. दारावर तसा शिलालेख आहे. हे म्हणजे काही भव्य मंदिर नव्हे. उतरतं छप्पर, दीपमाळ, मागे झाडीचा डोंगर. नुकतीच २०२३ मध्ये डागडुजी झाली. राजगड शंभर वेळा चढलेली ही चौघं तिथे पायरीवर बसली आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. देवळामागच्या झाडीतून पाण्याचा आवाज येत होता.

साळचे गडे मात्र त्यांना बघायला मिळाले नाहीत. होळीच्या पौर्णिमेपासून साळ गावात रात्री हा उत्सव असतो, गडे अंधारात रानात धावत सुटतात, आणि त्यासाठी थांबायला यांची परतीची तिकिटं आड आली.

तुमच्यापैकी कोणी येणार असाल तर होळी धरूनच या. सड्यावर सकाळी सहाला निघा, नऊनंतर जांभा तापतो आणि सावली मिळत नाही. पायात बूट हवेत, कुसळं आणि विंचू दोन्ही असतात. पाणी दोन बाटल्या पुरे, खाली उतरलात की झर सापडेल. सापडली नाही तर गावात विचारा, कधीपासून नाही ते सांगतील.