पाण्याचा पारा

बेळगावचा उन्हाळा फसवा असतो. या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. त्या लौकिकावर विसंबून इथे मासे पाळणारे उन्हाळ्याची तयारीच करत नाहीत. एप्रिलात दुपारी पारा ३६-३७ अंशांवर जातो आणि पहाटे २० च्या आसपास उतरतो. पहाटेची ती झुळूक आपल्याला सुखाची वाटते, पण काचेच्या पेटीतल्या माशाला या दोन टोकांमध्ये रोज हेलकावे खावे लागतात. तवंदी घाट उतरून निपाणीकडे गेलं की ऊन आणखी कडक.

इतकी वर्षं मासे पाळून माझं एक मत पक्कं झालं आहे: उन्हाळ्यात पाणी गार करायचं नसतं, स्थिर ठेवायचं असतं. गप्पी, मोली, एंजल यांना २४ ते २८ अंश मानवतात. ३० अंशांचं पाणीही ते काही दिवस निभावून नेतात. सकाळी २४, संध्याकाळी ३२ आणि मध्येच कुणी बर्फ टाकला म्हणून पुन्हा २६, असं पाणी मात्र त्यांना सोसत नाही. मासा खचतो, आणि खचलेल्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके यायला वेळ लागत नाही.

तापलेल्या पाण्यातलं पहिलं संकट असतं श्वासाचं. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे हा आकडा आणखी घसरून सातच्या खाली येतो. उलट पाणी तापलं की माशाच्या शरीराचा व्यापार वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले, कल्ले भराभर हलू लागले, गोगलगायी काचेवरून पाण्याबाहेर चढू लागल्या की समजावं, पेटीत हवा कमी पडते आहे. अशा दिवसांत खाणं निम्म्यावर आणावं. उरलेलं खाणं गरम पाण्यात लवकर कुजतं, त्यातून अमोनिया होतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो जास्त विषारी.

बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटलीचा. त्याचा हिशेब करून पाहा. एक किलो बर्फ पूर्ण वितळला तरी शंभर लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरतं. तीच बाटली वीस लिटरच्या पेटीत टाकली तर पारा पाच अंशांनी कोसळतो. म्हणजे मोठ्या पेटीत बर्फाने फारसं साधत नाही आणि लहान पेटीत त्याचा घाव बसतो. आता दुसरा हिशेब. शंभर लिटरच्या पेटीतून अर्धा लिटर पाण्याची वाफ झाली तर जवळजवळ तीन अंशांची उष्णता बाहेर निघते, आणि तीही दिवसभरात, सावकाश. खानापूरच्या मातीचा माठ पाझरून पाणी गार करतो, तसंच हे. म्हणून काचेचं झाकण काढावं, त्या जागी मच्छरदाणीचं कापड ताणून बांधावं, म्हणजे उडी मारणारे मासे बाहेर पडत नाहीत. लहान पंखा एका कडेने तिरका लावावा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाईल असा. आपल्या कोरड्या एप्रिलात हा पंखा चोख काम करतो. चोर्ल्याच्या घाटापलीकडे, गोव्याच्या दमट हवेत, तोच पंखा निम्मंही काम देत नाही. या बाबतीत आपली हवा आपल्या बाजूची आहे.

वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात. तूट रोज बोअरच्या जड पाण्याने भरली तर पाणी दिवसेंदिवस जडच होत जातं. भर घालायला आरओचं किंवा स्वच्छ गाळलेलं पावसाचं पाणी बरं. नळाचं वापरायचं तर क्लोरीन काढून, आणि पेटीच्या तापमानाला आणून.

पेटी कुठे ठेवता यावर अर्धी लढाई ठरते. पश्चिमेची भिंत, स्लॅबखालची वरची खोली, पत्र्याची पडवी या जागा टाळाव्यात. जुन्या कौलारू घरांचं माजघर, जाड मातीच्या भिंतींचं, ही पेटीची खरी जागा. मोठं पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून नवशिक्याने लहान पेटीपासून सुरुवात करू नये. काचेचा गोल वाडगा तर घरात आणूच नये.

उन्हाळ्यातही मी हीटर काढून ठेवत नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. तो २५ अंशांवर लावलेला असतो. दिवसभर गप्प असतो, पहाटे पारा खाली घसरू लागला की जागा होतो. दुपारी पंखा वरची हद्द सांभाळतो, पहाटे हीटर खालची. दिवसभरातला फरक दोन-तीन अंशांत राहिला की मासे निवांत असतात.

सगळ्यात जपायची वेळ संध्याकाळची. पाणी हवेच्या मागून तापतं, त्यामुळे बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हा पेटीतला पारा टोकाला असतो. नेमका तेव्हाच वळीव येतो, विजा कडाडतात आणि लाईट जाते. पंखा बंद, फिल्टर बंद, एअर पंपही बंद. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावाच. तो नसेल तर स्टीलच्या तांब्याने पेटीतलंच पाणी काढून हातभर उंचीवरून धार सोडत राहावी. पडणारी धार हवा घेऊन आत जाते. तांब्याचं भांडं वापरू नये. तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि गोगलगायींना ते विष ठरतं. पेटीच्या काचेबाहेर ओला पंचा गुंडाळून ठेवला तर तोही हळूहळू उष्णता ओढून घेतो.

यातली एकही गोष्ट महागडी नाही. लागतं ते लक्ष. होळी झाली की पेटीत थर्मामीटर लावा, पहाटेचा आणि संध्याकाळी सहाचा आकडा वहीत लिहा. दोन आकड्यांतलं अंतर वाढू लागलं की त्याच दिवशी झाकण काढा. मासे वर येऊन तडफडेपर्यंत थांबू नका. त्या मुक्या जिवांना पाणी बदलून दुसरीकडे जाता येत नाही.