देवघराचा जिना

धारवाडच्या माळमड्डीतील आमच्या घरी देवघर माडीवर आहे. देवांच्या डोक्यावर कोणाचे पाऊल पडू नये, म्हणून वडिलांनी ते तेथे बांधले. तेव्हा 22 पायऱ्या कोणासच जड नव्हत्या. आज मातोश्री 82 वर्षांच्या आहेत. गेल्या चातुर्मासात त्यांची पूजा जिन्याच्या पायथ्याशी हात जोडण्यापुरती उरली. "देव खाली आणू या," असे मी सहज म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत. मग लिफ्ट बसविण्याचे ठरले.

चौकशी करता कळले, की लिफ्टचे प्रकार अनेक. जिन्यालगत रुळावरून सरकणारी खुर्ची स्वस्त. पण चाकांच्या खुर्चीतून उठून तीत बसणे मातोश्रींस कष्टाचे. पारदर्शक नळकांड्यातून हवेच्या दाबाने चढणारी लिफ्ट देखणी, तिला खड्डाही नको. मात्र आमच्या जागेत मावेल अशा नळकांड्यात चाकांची खुर्ची शिरेना. दोरावरची लिफ्ट विहिरीच्या रहाटासारखी: एकीकडे पाळणा, दुसरीकडे त्याला तोलणारे वजन, म्हणून वीज कमी लागते. पण आम्हांस दाखविलेल्या लिफ्टला खोल खड्डा हवा होता, आणि जुन्या पायाशेजारी खणावयास गवंडी तयार होईना. उरली तेलाच्या दाबावरची. तिच्या पंपाला जागा लागते, चढताना वीजही अधिक खर्च होते. उतरताना मात्र झडप उघडली, की पाळणा स्वतःच्या भारानेच सावकाश खाली येतो.

मातोश्रींचे प्रश्न दोनच. "दोर तुटला तर?" मी त्यांस एलिशा ओटिस यांची हकीकत सांगितली. 1854 साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभे राहून त्यांनी सर्वांदेखत दोर तोडविला; पाळणा किंचित घसरून जागीच अडकला. "आणि वीज गेली तर?" वळिवाच्या दिवसांत हा प्रश्न खराच. मी म्हणालो, "बॅटरीवर झडप उघडते, पाळणा खाली येतो."

"म्हणजे देवापर्यंत पोचले नाही, तरी घरात परत येईन. मग हीच घ्या."

किमती आणि मापे यांचा महिनाभर घातलेला घोळ त्या वाक्याने संपला. यंत्राची पारख मी केली. ते कोणासाठी आणि कशासाठी, हे त्यांनी सांगितले.

पहिल्या दिवशी नैवेद्याचे ताट मांडीवर घेऊन त्या आत गेल्या. मी मागोमाग शिरू लागलो, तो म्हणाल्या, "तू जिन्याने ये." मी आधी पोचलो व दार उघडले. ताटातले काहीही सांडले नव्हते.