नाचायला आलेल्या पोरांची लाज कुणाला वाटते?



गेल्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या वस्तीत जयंती उत्सव समितीची बैठक झाली. विषय दरवर्षीचाच, डीजे लावायचा की नाही? एका बाजूला अभ्यासिका चालवणारी आम्ही सहा-सात मंडळी आणि दुसऱ्या बाजूला मिरवणुकीत नाचणारी पोरं. आमचे मुद्दे पाठ होते. डीजेच्या पैशात स्पर्धा परीक्षेची किती पुस्तकं येतील, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं आणि आपण काय करतोय, म्हाताऱ्या माणसांना त्या आवाजाचा किती त्रास होतो. सगळं बोलून झाल्यावर मागे बसलेला एक पोरगा उठला. दिवसभर वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा. तो म्हणाला, "दादा, खरं सांगा, तुम्हाला आमची लाज वाटते ना?"

बैठक तिथेच मोडली. डीजे लागला. आम्ही त्या रात्री मिरवणुकीकडे फिरकलो नाही आणि आपलंच कसं बरोबर, हे एकमेकांना सांगत अभ्यासिकेत बसून राहिलो.

पण तो प्रश्न काही पाठ सोडेना. त्याचं उत्तर आम्हाला सापडलं ते लंडनच्या एका बॅंडच्या चाहत्यांच्या आठवणींत. त्या बॅंडचं नाव 'द क्लॅश'.

हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते समाजशास्त्रात एम.ए. करताना. 'उपसंस्कृती' या विषयात डिक हेब्डिज यांच्या १९७९ च्या पुस्तकाचा उल्लेख यायचा. इंग्लंडमधली बेकार, वाया गेलेली समजली जाणारी पोरं फाटके कपडे आणि सेफ्टी पिना घालून व्यवस्थेला नकार कसा देत होती, अशी ती चर्चा. 'पंक' या शब्दाचा अर्थच मुळी टाकाऊ, उडाणटप्पू असा. शिवी होती, तीच त्यांनी छातीवर मिरवली. परीक्षेपुरतं वाचलं आणि सोडून दिलं. वसतिगृहात कुणीतरी क्लॅशची गाणी लावली, तेव्हा शब्द कळले नाहीत, नुसता गोंगाट वाटला. आज विचार केला की हसू येतं. आमच्या मिरवणुकीबद्दल बाहेरचे लोक हेच म्हणतात आणि त्या बैठकीत आम्हीही तेच म्हणत होतो.

डीजेच्या भांडणानंतर काही दिवसांनी विहाराच्या वाचनालयात लॅपटॉपवर आम्ही रुबिका शाह यांचा 'व्हाईट रायट' हा २०१९ चा माहितीपट पाहिला. तिथून पुढे त्या काळातल्या चाहत्यांनी सांगितलेल्या आठवणी शोधशोधून वाचत गेलो.

आधी तो काळ समजून घेऊ. १९७६ चं इंग्लंड. बेकारी वाढलेली, आणि त्याचं खापर वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेल्या कामगारांच्या डोक्यावर फोडणारा नॅशनल फ्रंट नावाचा वर्णद्वेषी पक्ष मतं मिळवतोय. जून महिन्यात साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या शीख तरुणाचा भररस्त्यात खून झाला. दोनच महिन्यांनी बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या नामांकित गिटारवादकाने मंचावरून परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकली आणि इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी नेत्याची तळी उचलली. ज्या काळ्या माणसांच्या संगीतावर हा माणूस मोठा झाला, त्यांनाच देशाबाहेर काढा म्हणतो! रेड सॉंडर्स आणि त्यांच्या मित्रांनी संगीताच्या साप्ताहिकांना संतापाचं पत्र लिहिलं आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली.

त्याच वर्षी क्लॅश सुरू झाला. गायक जो स्ट्रमर, गिटारवर मिक जोन्स, बेसवर पॉल सिमोनन. पुढे ड्रमवर टॉपर हेडन आला. स्ट्रमर काही कामगाराचा पोरगा नव्हता. वडील परराष्ट्र सेवेत, त्यांचा जन्म आपल्या लखनौचा. तो स्वतः अंकाऱ्यात जन्मला आणि निवासी शाळेत शिकला. त्याचा सख्खा भाऊ नॅशनल फ्रंटच्या नादी लागला होता आणि त्याने १९७० मध्ये आत्महत्या केली. जोन्स आजीच्या घरी वाढला. सिमोनन कॅरिबियन लोकांच्या शेजारात वाढला आणि तिथलं रेगे संगीत त्याने बॅंडमध्ये आणलं.

चाहत्यांच्या आठवणींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तिकीट नसलेल्या पोरांना हा बॅंड मागच्या दाराने, कधी खिडकीतून आत घ्यायचा. दूरवरून आलेल्या पोरांना हॉटेलच्या खोलीत जमिनीवर झोपायला जागा द्यायचा. कार्यक्रम संपल्यावर स्ट्रमर त्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसायचा. १९७९ साली त्यांनी दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या किमतीत विकायला लावला. पुढच्या वर्षी तीन तबकड्यांचा अल्बम स्वस्तात देता यावा म्हणून स्वतःच्या मानधनावर पाणी सोडलं. आज साठी ओलांडलेली ही माणसं त्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यांना गाण्याइतकंच हेही आठवतं की आपल्याला कुणी दारातून हाकललं नाही.

आता येऊ ३० एप्रिल १९७८ या दिवसाकडे. रॉक अगेन्स्ट रेसिझम आणि अँटी-नाझी लीग यांनी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून मोर्चा काढला. तो अनेक मैल चालून ईस्ट एंडमधल्या व्हिक्टोरिया पार्कवर पोहोचला. मुद्दाम तिकडेच, कारण नॅशनल फ्रंटचा जोर त्या भागात होता. जवळच्या ब्रिक लेनवर दर रविवारी त्यांचे लोक आपला अंक विकायला उभे राहत. पार्कात क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन बॅंड यांचे कार्यक्रम होते आणि आयोजकांच्या हिशेबाने ८० हजार लोक जमले होते.

त्या गर्दीत बिली ब्रॅग नावाचा विशीतला पोरगा होता. पुढे तो स्वतः मोठा राजकीय गायक झाला, पण त्या दिवशी तो कुठलाही विचार ऐकायला गेला नव्हता. क्लॅशला बघायला गेला होता. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. तो ज्या ऑफिसात काम करायचा तिथे वर्णद्वेषी टोमणे रोजचेच होते आणि तो गप्प राहायचा. पार्कात आपल्यासारखीच हजारो पोरं पाहिली, टॉम रॉबिन्सन समलिंगी हक्कांचं गाणं गाऊ लागल्यावर आजूबाजूच्या पुरुषांनी एकमेकांची चुंबनं घेतलेली पाहिली आणि त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. सोमवारी ऑफिसात परतताना त्याने ठरवलं होतं की आता गप्प बसायचं नाही.

त्याच गर्दीत गुरिंदर चढ्ढा होत्या, पुढच्या प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शिका, तेव्हा शाळकरी वयाच्या. घरच्यांना भीती वाटत होती, म्हणून न सांगताच गेल्या होत्या. क्लॅशच्या गाण्यावर सगळं मैदान उड्या मारताना त्यांनी पाहिलं आणि आपल्या बाजूने उभी राहणारी इतकी माणसं या देशात आहेत, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं. साउथॉलमध्ये वाढलेल्या पंजाबी पोरीला हे जाणवणं म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आम्ही या आठवणी वाचल्या आणि स्वतःलाच विचारलं, त्या दिवशी मैदानाच्या फाटकावर आमच्यासारखे लोक असते तर? 'हा गोंगाट आहे, आधी पुस्तक वाचून ये' असं ब्रॅगला म्हणाले असते तर? रॉक अगेन्स्ट रेसिझमच्या लोकांनी तसं केलं नाही. 'टेम्पररी होर्डिंग' नावाचं आपलं पत्र, बिल्ले, पत्रकं घेऊन ते गर्दीतच उभे राहिले. ज्याला नाचायचंय त्याने नाचावं, पण घरी जाताना त्याच्या खिशात आपला कागद गेला पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी सगळ्यात अवघड काम जिमी पर्सी या गायकाने केलं. त्याच्या 'शॅम ६९' बॅंडच्या चाहत्यांत नॅशनल फ्रंटची बरीच पोरं होती. तो क्लॅशच्या मंचावर येऊन गायला आणि त्या पोरांना कळलं की आपला लाडका गायक कुणाच्या बाजूला आहे.

आपल्याकडे हे नवीन आहे का? भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी यांनी हेच केलं. माणसं गाणं ऐकायला जमली आणि विचार घेऊन गेली. आम्हाला याचा विसर पडला होता.

पण इथेच थांबलो तर आम्हीही नुसते चाहते ठरू.

व्हिक्टोरिया पार्कच्या कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी, ४ मे १९७८ च्या संध्याकाळी, कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कापड कामगाराला व्हाईटचॅपलमध्ये तीन पोरांनी भोसकून मारलं. ते पार्क तिथून फार दूर नाही. ८० हजारांची गर्दी त्याला वाचवू शकली नाही. १४ मे रोजी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेले. ब्रिक लेनवर नॅशनल फ्रंटला रोखायला पुढे आली ती तिथलीच बंगाली पोरं, ज्यांच्यासाठी कुठला मंच बांधलेला नव्हता. चाहत्यांच्या आठवणींत ३० एप्रिल ठळक आहे, ४ मे फिकट. जो मारला गेला त्याचं नाव आठवणीत मागे का पडतं, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. १९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटच्या ३०३ पैकी एकाही उमेदवाराची अनामत वाचली नाही, याचं श्रेय गाण्यांना दिलं जातं. त्यात चळवळीचा वाटा आहेच. पण १९७८ च्या जानेवारीतच मार्गारेट थॅचर यांनी स्थलांतरितांची भीती दाखवणारं वक्तव्य करून तो मतदार आपल्याकडे ओढायला सुरुवात केली होती, हेही विसरता येत नाही. द्वेष संपला नव्हता, त्याने पक्ष बदलला होता.

आणखी एक आठवण, क्लॅशच्या चाहत्यांना न आवडणारी. १९८१ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या बॉन्ड्स या ठिकाणी त्यांचे आठ कार्यक्रम ठरले होते. क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली होती, म्हणून अग्निशमन विभागाने प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली. तेव्हा तिकीट घेतलेला कुणी मागे राहू नये म्हणून बॅंडने आठाचे सतरा कार्यक्रम केले. हे सगळे कौतुकाने सांगतात. पण तिथे बॅंडने आपल्याआधी गायला ग्रॅंडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांना बोलावलं होतं, रॅप संगीताच्या काळ्या कलावंतांना. क्लॅशच्याच चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली, त्यांच्यावर वस्तू फेकल्या. वर्णद्वेषाविरुद्धची गाणी तोंडपाठ असलेली ही पोरं! गाणं पाठ होणं आणि विचार अंगी लागणं यात केवढं अंतर आहे, ते इथे दिसतं. आपल्याकडे भीमगीतावर नाचून घरी जाऊन बायकोवर हात उगारणारा आम्ही पाहिलेला आहे.

बॅंडही काही निर्दोष नव्हता. १९७७ मध्ये त्यांनी एका बड्या कंपनीशी करार केला, तेव्हा कट्टर पंक मंडळींनी गद्दारीचा आरोप केला. पुढे हेडनला व्यसनापायी काढावं लागलं, मग जोन्सलाही काढलं आणि १९८६ पर्यंत बॅंड संपला. स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी पन्नाशीत हृदयविकाराने गेला. त्याआधी महिनाभर, तो संपावर असलेल्या अग्निशमन कामगारांसाठी ऍक्टनच्या टाऊन हॉलमध्ये गायला होता. प्रेक्षकांत बसलेला मिक जोन्स उठून मंचावर गेला आणि जवळपास एकोणीस वर्षांनी दोघे एकत्र वाजवू लागले. त्याच्या चाहत्यांना हा शेवट प्रिय आहे आणि आम्हालाही आहे. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा इथेही लागू होतो. स्ट्रमरवर प्रेम करावं, त्याची पूजा करू नये. ब्रॅगने तर सांगितलंय की त्या दिवशी त्याला बदललं ते बॅंडने नाही, समोरच्या गर्दीने.

यंदाच्या जयंतीत आम्ही डीजेवरून भांडलो नाही. आवाजाची मर्यादा आणि दवाखान्यासमोर बंद, एवढ्या दोन अटी घातल्या आणि पोरांनी त्या मान्य केल्या. मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे आमचा हातगाडा होता. त्यावर पाणी, छोट्या पुस्तिका, शिष्यवृत्ती आणि जातपडताळणीची माहिती देणारी पत्रकं. आम्ही नाचलोसुद्धा, वाईट नाचलो. एकोणीस पोरांनी नाव-नंबर दिले. पुढच्या रविवारी अभ्यासिकेत आली फक्त चार.

त्या चारांत वेल्डिंगवाला पोरगा होता. पुस्तकांकडे त्याने पाहिलं नाही. बहिणीला नर्सिंगला घालायचंय, त्याचा फॉर्म कुठे मिळतो, एवढंच विचारलं. आम्ही फॉर्म भरून दिला. जाताना तो म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी गाडा पुढे ठेवू, मागे कुणाला दिसत नाही."

त्याच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही. हो, आम्हाला लाज वाटत होती. हा लेख आधी त्याला वाचून दाखवू.

जयभीम!